राजीनाम्यावर सही करण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि सकाळी पेशंट यायच्या आत उत्तर लिहायला बसले, कारण तुमच्या हातात दिवस थोडे आहेत. इतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. ताईंचे यजमान चाळीस वर्षांचे. खेड तालुक्यातल्या एका कारखान्यात अकरा वर्षं पॅकिंग मशीनवर आहेत, पण हजेरी कंत्राटदाराकडे. पगार महिना १८,०००. जुलैच्या मध्यात उजवा हात रोलरमध्ये सापडला आणि अंगठ्याशेजारची तीन बोटं मुळापासून गेली. दवाखान्याचं बिल कंपनीने भरलं. आता ऑक्टोबर लागलाय आणि कंत्राटदाराचा माणूस घरी येऊन सांगून गेलाय: दीड लाख देतो, राजीनामा द्या आणि 'माझं काही येणं नाही' असं लिहून द्या, नाहीतरी आता मशीनवर जमायचं नाही. यजमान दिवसभर पडवीत बसून असतात. सासूबाई म्हणतात, बाग आहे, बागेत बसेल. ताई विचारतायत की सही करू द्यावी का, आणि ते परत कामाला लागतील का.

मी रत्नागिरीत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, बावीस वर्षं. तुटलेले हात, पक्षाघाताने लुळा पडलेला अर्धा देह, झाडावरून पडून कमरेखाली गेलेली ताकद, साखरेने मंदावलेली नजर, अशी माणसं माझ्याकडे येतात आणि माझं काम त्यांना परत कामापर्यंत नेण्याचं. वकील नाही, पण या कागदांशी रोजचा संबंध येतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. सही करू देऊ नका. आत्ता तर नाहीच.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागेल, कारण तुम्ही विचारलंय एक आणि घरात चाललंय दुसरं. तुम्ही विचारताय, 'ते काम करू शकतील का?' कंत्राटदाराने, सासूबाईंनी आणि बहुतेक तुमच्या यजमानांनीही त्याचं उत्तर आधीच ठरवून टाकलंय, आणि तेही हाताची सूज पुरती उतरायच्या आत. माझ्या अनुभवात मोठ्या वयात अपंगत्व आलेल्या माणसाची नोकरी अपंगत्वामुळे जाते त्यापेक्षा जास्त वेळा या पहिल्या तीन-चार महिन्यांमुळे जाते. त्या काळात शरीर काय करू शकेल हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि सगळे कायमचे निर्णय मात्र नेमके तेव्हाच होतात.

हे मी स्वतःची चूक करून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत मिरकरवाड्याचा एक खलाशी आला होता. विंचच्या दोरात पंजा सापडलेला, प्लास्टर अजून हातावर. त्याने विचारलं, बोटीवर जाता येईल का, आणि मी दुसऱ्याच आठवड्यात म्हणून गेले, "आता समुद्र विसरा." त्याने ते तांडेलाला, म्हणजे बोटीच्या मुख्य माणसाला जाऊन सांगितलं, तांडेलाने दुसरा माणूस घेतला. दीड वर्षाने तो दुसऱ्याच कामासाठी आला तेव्हा मी त्याची पकड डायनॅमोमीटरवर मोजली. दुखऱ्या हाताची ताकद चांगल्या हाताच्या पाऊण होती. जाळं ओढण्यापुरती नक्की होती. पण जागा भरलेली होती, आणि तो बर्फाच्या गाडीवर रोजंदारीला लागला होता. तेव्हापासून सहा महिन्यांच्या आत मी 'जमणार नाही' हा शब्द तोंडातून काढत नाही.

तुमच्या यजमानांचा हात मी पाहिलेला नाही, पण तुम्ही लिहिलंय की अंगठा आणि करंगळी शाबूत आहेत. हे मोठं भांडवल आहे. हाताचं निम्मं काम अंगठाच करतो. अंगठा आणि करंगळी एकमेकांना भेटत असतील तर बाटली धरता येते, स्विच दाबता येतो, पेनही धरता येतं, फक्त वेगळ्या पद्धतीने. असा हात सहा महिने ते वर्षभर सुधारत राहतो, पण तो कामाला लावला तर. गुंडाळून ठेवलेला हात आखडतो, आणि एकदा सांधे आखडले की मग दुप्पट कष्ट पडतात.

ते हात पंचाखाली झाकून बसतात असं तुम्ही लिहिलंय. त्यामागे लाज आहे, पण बहुतेक वेळा आणखी एक कारण असतं आणि ते कुणी विचारत नाही. तुटलेल्या बोटाच्या टोकाला साधा वाराही सहन होत नाही. चादर लागली तरी झिणझिण्या येतात. त्यावर उपाय आहे आणि तो घरीच करायचा असतो. पसरट टोपात मऊ कापसाचे बोळे घ्या, त्यात हात फिरवायला लावा, पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. आठ दिवसांनी कापसाच्या जागी तांदूळ घ्या. मग नाचणी, मग जाडं मीठ, शेवटी वाळू. जखम पूर्ण भरलेली हवी, ओली असेल तर मुळीच नाही. माझ्याकडे एकजण तांदळात पहिल्यांदा हात घालताना दात आवळून रडला होता. सहाव्या आठवड्यात तोच माणूस त्याच टोपात मी पुरलेले काजू डोळे मिटून शोधून काढत होता. त्वचा शिकते. तोवर तो हात मशीनच्या कामाला लावू नये, हेही खरं. वर्षभर थंडीत तो हात जास्त दुखेल, आणि जिथे स्पर्श कळत नाही तिथे कापलं-भाजलं तर लक्षात येणार नाही, तेव्हा रोज रात्री हात उजेडात पाहायचा.

आता पैशाकडे येते, कारण दीड लाखाचा आकडा डोळ्यांसमोर असला की बाकी काही दिसत नाही.

आधी पगाराची जुनी पावती काढा आणि ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापलं जातं का ते पाहा. सगळं यावर अवलंबून आहे. कापलं जात असेल तर भरपाईचा रस्ता ईएसआयचा. कामावरच्या अपघातात बरं होईपर्यंत सरासरी रोजच्या पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात, आणि नंतर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली ते ठरवतं, त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते, हयात असेपर्यंत. ही रक्कम नोकरी चालू राहिली तरी मिळते, म्हणून नोकरी सोडायचं काही कारण नाही. तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ चालू असताना कामावरून काढणंही कायद्यात बसत नाही. तेव्हा अपघाताची माहिती कंत्राटदाराने ईएसआयला दिली होती का, हे आजच विचारा. दवाखान्याचं बिल कंपनी गुपचूप भरते तेव्हा कधीकधी ती माहिती गेलेलीच नसते.

ईएसआय नसेल तर भरपाई मालकाने द्यायची. हा कायदा मुळात १९२३ चा, आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आलाय, हिशेबाचं सूत्र तेच. तुमच्या यजमानांचाच हिशेब करून दाखवते. पगार कितीही असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरतात. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. चाळीस वर्षं वयासाठी कोष्टकातला गुणक १८४.१७. गुणाकार १६,५७,५३०. ही पूर्ण अपंगत्वाची रक्कम. एका हाताची तीन बोटं गेली तर परिशिष्टात ३० टक्के लिहिलेत. म्हणजे ४,९७,२५९ रुपये. उपचाराचा खर्च याच्या व्यतिरिक्त, तो यातून वजा होत नाही. महिन्याच्या आत रक्कम भरली नाही तर १२ टक्के व्याज, आणि दिरंगाईला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. तुमच्या दारात आलेला माणूस पाच लाखांच्या हक्काचा कागद दीड लाखाला मागत होता.

आणि ते ३० टक्के ही किमान पायरी आहे, छत नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये प्रताप नारायण सिंग देव यांच्या प्रकरणात एका सुताराचा निकाल दिला. त्याचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता. कोष्टकाप्रमाणे टक्के कमी भरत होते, पण न्यायालय म्हणालं की एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता पूर्ण गेली. पुढे २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या रस्ता अपघाताच्या प्रकरणात हेच आणखी उलगडून सांगितलं गेलं: डावा हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार आणि डावा हात गेलेला सरकारी कारकून, दोघांच्या शरीराचं नुकसान सारखं, पण कमाईचं नुकसान वेगळं. मी पेशंटना हे पुन्हा पुन्हा सांगते, कारण सगळे एकाच टक्क्याच्या मागे धावतात. सिव्हिल हॉस्पिटलच्या प्रमाणपत्रावरचा टक्का शरीराचा असतो. भरपाईचा टक्का कमाईचा. आणि कामावर परत जायला यातला कोणताच टक्का लागत नाही, त्याला कामाची यादी लागते, तिच्याकडे येतेच.

प्रमाणपत्र मात्र काढून ठेवा. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मिळतं. तीन बोटांसाठी त्यावर ४० टक्के येतीलच असं नाही. नाही आले तर सरकारी आरक्षण आणि बऱ्याच योजनांचा दरवाजा बंद राहील, पण कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा त्याच्याशी संबंध नाही. "चाळीसच्या खाली आलं, म्हणजे आता काहीच नाही" असं समजून दावा सोडून दिलेली माणसं मी पाहिलीत.

आणखी दोन गोष्टी कंत्राटदार सांगणार नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल असतो, आणि एकरकमी तडजोड झालीच तर ती भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. पडवीतल्या स्टॅम्प पेपरला ते वजन नाही. दुसरं, कंत्राटदार हात वर करू लागला तर मूळ कंपनीकडेही मागता येतं, तिने नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावं. दावा करायची मुदत अपघातापासून दोन वर्षं आहे, म्हणजे उद्याच्या उद्या काही संपत नाही. घाई त्यांना आहे. मग राजीनामा एवढा आग्रहाने का मागतात? कारण राजीनाम्यात 'मी स्वखुशीने' असं लिहिलेलं असतं, आणि ते लिहून दिलेल्या माणसाची नोकरी परत मागायला कुणाकडेच जागा उरत नाही. भरपाई भांडून मिळते, राजीनामा दिलेली नोकरी भांडूनही क्वचितच मिळते.

बँकेचं पासबुकही काढा. मे-जूनच्या पानांवर २० रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. यात अट अशी की एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची नजर कायमची गेली असेल तर एक लाख, आणि दोन्ही गेले तर दोन लाख. तीन बोटांना ते मिळणं अवघड, म्हणून त्यावर आशा बांधू नका. तरी सांगते, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू पडेल. देवगडकडचा एक तरुण आंबे काढताना झाडावरून पडला, मणक्याला मार लागून दोन्ही पाय गेले. त्याच्या आईने पासबुक माझ्यासमोर ठेवलं तेव्हा ते वीस रुपये आम्हाला दिसले, घरात कुणाला माहीतही नव्हतं. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत उंचावरून पडणंही धरलं जातं, तिचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात, आणि तो लगेच करायचा. मच्छीमारांच्या गट अपघात विम्यात कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पाच लाख आणि अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आहेत.

आता कामाची यादी. माझ्या मते हीच खरी किल्ली आहे.

'मशीनवर जमायचं नाही' हे वाक्य फार मोठं आहे. मशीनवरचं काम म्हणजे काय? आज रात्री जेवणं झाली की वही घेऊन यजमानांच्या शेजारी बसा आणि विचारा, पाळी सुरू झाल्यापासून तुम्ही नक्की काय काय करता. ते म्हणतील, पॅकिंग. तुम्ही म्हणा, नाही, गेटमधून आत गेल्यापासून सांगा. मग निघेल: बॅच नंबर पाहणं, फिल्मचा रोल चढवणं, तापमान लावणं, पहिल्या दहा पाकिटांचं वजन तपासणं, सीलिंग पाहणं, अडकलेलं पाकीट काढणं, पंचवीस किलोची गोणी हॉपरमध्ये ओतणं, रजिस्टर भरणं, पाळी बदलताना पुढच्याला सांगणं. प्रत्येकापुढे तीन खुणा करा: डाव्या हाताने होतं, उजवा नुसता आधाराला लागतो, दोन्ही हात जोरात लागतात. असल्या कामात तिसऱ्या खुणेच्या गोष्टी बहुधा दोन-तीनच निघतात. इथे रोल चढवणं आणि गोणी ओतणं असावं असा माझा अंदाज. अडकलेलं पाकीट हाताने काढणं तर चांगल्या हातानेही बंद व्हायला हवं, कारण अपघात तिथेच झालाय.

अकरा वर्षांच्या माणसाला मशीनचा आवाज बदलला की कळतं. ते ज्ञान बोटांत नव्हतं. तेव्हा सुपरवायझरकडे जाताना 'काहीतरी काम द्या हो' म्हणून जाऊ नये. ही वही घेऊन जावं आणि म्हणावं, या नऊपैकी सात मी करतो, रोल आणि गोणीला हेल्परचा हात द्या, पहिले चार आठवडे अर्धी पाळी द्या, रोलरला गार्ड बसवा. वजन-सीलिंग तपासणीवर किंवा स्टोअरमध्ये बदली चालेल का, हे दुसरा पर्याय म्हणून विचारावं, पहिला नव्हे. मी अशा बोलण्यांना अनेकदा सोबत गेलेय. दयेचा अर्ज समोर आला की साहेब मान खाली घालून नाही म्हणतात, आणि नऊ ओळींची यादी आली की निदान तिसऱ्या ओळीवर बोलू लागतात.

पहिल्यांदा कारखान्यात नुसतं भेटायला जावं, कामाला नाही. एकजण माझ्याबरोबर गेटपर्यंत आला आणि आतून रोलरचा आवाज ऐकताच त्याच्या कपाळावर दरदरून घाम फुटला. आम्ही कॅन्टीनपाशी थांबलो, चहा घेतला, परत आलो. तिसऱ्या खेपेला तो आत गेला. ही भीती खरी असते, तिला वेळ द्यावा लागतो. झोप उडाली असेल, अपघात पुन्हा पुन्हा दिसत असेल, जेवण तुटलं असेल, तर डॉक्टरांना नक्की सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात. गणपतीत मुंबईहून आलेले पाहुणे हात बघायला मागत होते आणि आरतीला हे मागच्या दाराशी उभे राहिले, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मला फार वाईट वाटलं. टाळी वाजत नाही म्हणून माणूस आरतीतून बाजूला होतो, तो उद्या कामावरूनही आपणहूनच बाजूला होईल. त्यांच्या जुन्या पाळीतल्या एखाद्या मित्राला रविवारी घरी बोलवा. कारखान्यातल्या गप्पा चालू राहणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

बागेबद्दल सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण मला हा बेत पटत नाही. आपल्याकडे बाग म्हणजे मोसमात दोन-तीन महिन्यांची धावपळ, एरवी फवारणी, साफसफाई, राखण. शिडी, पंप, कोयता यांतलं काहीच या हाताला कारखान्यापेक्षा सोपं नाही. 'बागेत बसेल' याचा अर्थ बहुतेक वेळा 'घरी बसेल' असा होतो आणि दोन वर्षांनी तो माणूस स्वतःला बिनकामाचा समजू लागतो. हीच गत 'दुकान टाकून द्या'ची. एके काळी अपंग म्हटलं की एसटीडी बूथ देत. मोबाईल आले, बूथ गेले, आणि त्या पेटीत बसवलेली माणसं अंगात दुसरं कसलंच काम नसलेली उरली. माणसाच्या अंगात जे काम मुरलेलं आहे त्याच्या जवळपासचंच काम शोधावं.

देवगडच्या त्या तरुणाचंच पाहा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा खाटेवर पडूनच म्हणाला, "बाय, माका आता काय जमाचा नाय." पण आंबा हातात घेतला की तो सांगायचा, हा चार दिवसांनी तयार होईल, हा सहा. झाडावर चढणं गेलं होतं, ही पारख गेली नव्हती. शेडमध्ये निवडीचं टेबल त्याच्या खुर्चीच्या उंचीला आणलं, अंगणातल्या खडबडीत जांभ्यावर चाक फिरेना म्हणून चिरे बसवून खाटेपासून शेडपर्यंत वाट केली, आणि शेडशेजारी कमोडचा संडास बांधला. सगळ्यात जास्त फरक या शेवटच्या गोष्टीने पडला. त्याआधी तो संडासच्या भीतीने दिवसभर पाणी पीत नव्हता. आता निवड, पेट्या आणि फोनवरच्या ऑर्डरी तो पाहतो. तो बागायतदारच होता, म्हणून तिथे बाग योग्य होती. तुमचे यजमान अकरा वर्षं कारखान्याचे आहेत.

यातलं काय तुमच्याकडे जमेल हे काही गोष्टींवर ठरेल. खासगी नोकरीत अपंगत्व आल्यावर त्याच मालकाने ठेवलंच पाहिजे अशी पक्की हमी कायद्यात नाही, हे मी लपवणार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, त्याची प्रत मागता येते, पण नुसत्या प्रतीने नोकरी टिकत नाही. कंत्राटी माणसाची बाजू आणखी दुबळी. म्हणून तुमच्या बाबतीत भरपाईचा दावा आणि कामावर परत यायची लेखी इच्छा, दोन्ही बरोबर चालवावी लागतील. भरपाईचा आकडा माहीत असलेल्या माणसाशी कंपनी वेगळं बोलते.

हे वाचणाऱ्यांत कुणी एसटीत, झेडपीत, अनुदानित शाळेत किंवा सरकारी खात्यात असेल तर त्यांच्यासाठी चित्र वेगळं आहे. त्याच कायद्याचं कलम २०(४) सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जा खाली आणता येत नाही. ते पद झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे जादा तयार केलेल्या पदावर ठेवायचं, योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या परिवहन महामंडळातल्या रंगांधळेपणा आलेल्या चालकाला पर्यायी काम न देता घरी पाठवणं चूक ठरवलं. म्हणून साहेब प्रेमाने 'मेडिकलवर स्वेच्छानिवृत्ती घ्या' म्हणाले तरी घेऊ नका. नजर चाललेल्या एका शिक्षकांनी माझ्याकडे यायच्या आधीच तो अर्ज देऊन टाकला होता. मोबाईलवरचा टॉकबॅक आणि संगणकावरचं एनव्हीडीए हे फुकट वाचक त्यांना नंतर तीन महिन्यांत सहज आले, आणि तेव्हा वर्ग त्यांचा राहिला नव्हता.

एक बारीक गोष्ट, जी ऐन वेळी अडवते. उजव्या हाताची बोटं गेली की सही बदलते आणि ठसे जातात. बँकेत नवीन सहीचा नमुना द्या, आधार केंद्रावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद अद्ययावत करून घ्या. नाहीतर रेशनच्या मशीनवर आणि कारखान्याच्या हजेरी यंत्रावर ते स्वतःच स्वतःला ओळखवू शकणार नाहीत. डाव्या हाताने सही रोज एक पान लिहायला लावा. महिनाभरात बसते.

तर या आठवड्यात एवढं करा. कंत्राटदाराला तोंडी काही बोलू नका. कंपनी आणि कंत्राटदार दोघांना रजिस्टर पोस्टाने साधं पत्र पाठवा: उपचार चालू आहेत, राजीनामा देत नाही, डॉक्टरांनी फिट म्हटल्यावर कामावर हजर व्हायची इच्छा आहे, अपघाताच्या नोंदीची प्रत द्यावी. पत्राखाली यजमानांनी डाव्या हाताने सही करावी, वाकडी आली तरी चालेल. दवाखान्याचे कागद, हाताचे फोटो, हजेरीची आणि पगाराची कागदं एका फाईलमध्ये. मोफत वकील हवा असेल तर रत्नागिरीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. कामगारांना तिथे वकिलाचे पैसे पडत नाहीत.

आणि हात एकदा मला किंवा जवळच्या कुठल्याही हॅन्ड थेरपिस्टला दाखवा, या महिन्यातच. पगाराच्या पावतीवर ईएसआय आहे की नाही, आणि वहीतल्या यादीत तिसरी खूण किती ठिकाणी आली, एवढं इथे लिहा. पत्राचा मसुदा मी त्यावरून करून देते.